बायचं निळं सिंहासन

मेल्यावर तरी माणसानं एका जागी बसावं, बाय. जिवंतपणी तुला ते कधी जमलं नाही. हातात ब्रश, खांद्यावर फडकं, दातांत खिळा आणि पाय घरभर. म्हटलं, आता तरी विसावशील. पण तुझं सिंहासन माझ्या सोप्यावर आणून ठेवलं त्या दिवसापासून, दुपारची जेवणं आटोपून घर आडवं झालं की ते करकरायचं. एकदाच. कुणीतरी अलगद टेकावं तसं. मग थोड्या वेळानं टर्पेंटाइनचा वास यायचा. काजूच्या दिवसांत आमच्या पार्श्यात दुसऱ्या वासाला शिरकाव नसतो, सगळा गाव पिकलेल्या बोंडांनी आंबूस झालेला असतो. त्या आंबूस वासातून वाट काढत तुझा टर्पेंटाइन यायचा.

"लाकूड आहे. उन्हानं बोलतं," मंगल म्हणायची. माझी बायको शहाणी. पण धुतलेल्या कपड्यांच्या घड्या ती एरवी घरातल्या प्रत्येक खुर्चीवर ठेवते, त्या खुर्चीवर तिनं एकदाही ठेवल्या नाहीत. माझ्या मांडीवर आणून ठेवल्या.

तुझा हा भाऊ नाटकातला माणूस. जत्रेच्या रंगमंचावर राजे जितके केले तितकीच भुतंही केलीत. भुतानं प्रवेश कसा घ्यावा हे मला कळतं. तुझा प्रवेश उत्तम होता. आधी आवाज, मग वास, आणि माणूस शेवटपर्यंत नाहीच.

आता तुला ठाऊक असलेलीच गोष्ट पुन्हा सांगतो. कारण मला सांगायला आवडते, आणि या खेपेला तू मध्येच "बाबल्या, आटप" म्हणू शकत नाहीस.

सिंहासन माझं होतं. हे एकदा लिहून ठेवतो. आमच्या नाटक मंडळाचं जुनं सागवानी सिंहासन, हातांना दोन सिंहांची डोकी, पाठीला मोर. किती राजांनी त्यावर बसून किती प्रधानांना देशोधडीला लावलं. मग एका पायाला वाळवी लागली, मंडळाने म्हापशाहून भाड्यानं फायबरचं आणायला सुरुवात केली आणि हे मला देऊन टाकलं, कारण सगळ्यात जास्त वेळा त्यावर मीच बसलो होतो. मंगल म्हणाली, घरात एक तर हे राहील नाहीतर मी. म्हणून ते तुझ्या सासरी सुर्ल्याला ठेवायला आणलं. ठेवायला, बाय. तात्पुरतं.

पुढच्या खेपेला आलो तर माझं सिंहासन आकाशी निळं झालेलं. सिंह निळे, मोर निळा. बैठकीला मधोमध गोल भोक पाडलेलं, भोकाखाली बालदी, आणि वर तुझी सासू बसलेली. संडासापर्यंत चालवत नव्हतं बिचारीला. हात टेकायला सिंहांची डोकी बरोबर उंचीवर येत होती. तिनं माझ्याकडे अशा तोऱ्यात पाहिलं की मला क्षणभर मुजरा करावासा वाटला.

"माझं सिंहासन," मी म्हटलं.

"घेवन वच," तू स्वयंपाकघरातून म्हणालीस. "पयली सासूक उठय."

तेव्हापासून आपलं हे भांडण. मी प्रत्येक खेपेला दारातूनच म्हणायचो, माझं सिंहासन. तू म्हणायचीस, घेवन वच, पयली सासूक उठय; घेऊन जा, पण आधी सासूला उठव. सासू गेल्यावरही तू हेच म्हणत राहिलीस. भोकावर तू झाकण बसवलंस, सगळं सात पाण्यांनी धुतलंस, आणि सोप्यावर ते तुझं कामाचं आसन झालं. त्यावर बसून तू बाकीचं जग रंगवायचीस.

आणि काय काय रंगवलंस. सुर्ल्याच्या घरात मी पाहुणा म्हणून यायचो तेव्हा मला कुठल्याच वस्तूचा भरवसा नसायचा. तू परकरी पोर असल्यापासून तुझी एक खोड होती. मोडकी वस्तू समोर घेऊन बसायचीस आणि तिलाच विचारायचीस, "तुका कितें जावपाचें आसा?" तुला काय व्हायचंय. आई म्हणायची, पोरीला वेड लागलंय. पण वस्तू तुला उत्तर द्यायच्या असं मला अजूनही वाटतं, नाहीतर पितळी घंगाळाचा दिवा आणि शिवणयंत्राच्या पायांचं देव्हाऱ्याचं मेज कुणाला सुचेल?

खाणीचे ट्रक चालू होते तोवर तुझ्या रंगांची लाल धूळ चेष्टा करायची. पांढरं लावलंस की आठवड्यात गुलाबी, पिवळं लावलंस की शेंदरी. तू दर वर्षी चवथीच्या आधी नव्यानं सुरू. मग खाणी बंद पडल्या. धूळ थांबली आणि तिथं ट्रक चालवणारे तुझे यजमान, आमचे भावोजीही थांबले. दाराशी उभ्या ट्रकाकडे बघत ते दिवस काढायला लागले. ट्रकात गवत उगवलं. तुझ्या जागी दुसरी कुणी असती तर देवळात कौल लावत फिरली असती. तू पान्हा घेऊन ट्रकावर चढलीस. हौद्याच्या फळ्यांची स्वयंपाकघरातली मांडणी झाली, पुढच्या दिव्यांचे अंगणातले दिवे झाले, आणि स्टिअरिंगच्या आत आरसा बसवून तू तो न्हाणीघराशेजारी टांगलास. भावोजी रोज सकाळी आपल्याच ट्रकाच्या स्टिअरिंगमध्ये तोंड घालून दाढी करायचे. पहिल्या दिवशी मी तिथेच होतो. ते आरशासमोर बराच वेळ उभे राहिले. मला वाटलं, आता रडतील किंवा तुला बोलतील. त्यांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले, जरासं डावीकडे वळवलं, आणि म्हणाले, "पॉलीश पेपर खंय आसा?" त्या दिवसापासून घासायचं काम त्यांचं आणि रंगवायचं तुझं. तुम्हा दोघांचा संसार मला तेव्हा कळला, आणि ते मी तुला कधी बोलून दाखवलं नाही. आता दाखवतो.

आमच्या मंडळाचे टाकाऊ पडदेही तूच नेलेस. राजवाड्याचा पडदा निजायच्या खोलीत लावलास, जंगलाचा स्वयंपाकघरात. जंगलातून चहा यायचा.

एक वस्तू मात्र मला कधीच सोसली नाही. मधल्या खोलीच्या आंधळ्या भिंतीवर तू जुन्या घराचं जनेल, खिडकीच ती, ठोकलंस. दोन झडपा, कडी, सगळं शाबूत. उघडलं की मागे भिंत. त्या भिंतीवर तू समोरचा डोंगर रंगवलास, खाण लागायच्या आधीचा, हिरवागार, माथ्यावर एक झाड. बाहेरच्या खऱ्या खिडकीतून त्या जागी लाल खड्डा दिसतो. मी म्हटलं, बाय, हे चांगलं नाही, नाही त्याला खिडकी करू नये. तू म्हणालीस, "तू राजा नसता राजा जाता, ताका कोण कितें म्हणता?" म्हणजे मी राजा नसून राजा होतो, त्याला कुणी बोलत नाही.

आपलं दुसरं भांडण रंगाचं. मी म्हणायचो, सिंहासन सोनेरीच हवं. तू म्हणायचीस, सोनेरी म्हणजे खोटं, नसलेलं सोनं दाखवायचं. मी म्हणायचो, नाटक म्हणजे तेच की. "घर म्हणजे नाटक न्हय," तू म्हणायचीस, राजवाड्याच्या पडद्याखाली उभी राहून, हे विशेष. चवथीला गणपतीच्या पाटाची किनार तेवढी तू सोनेरी करायचीस. बाकी सोनेरी रंगाला तुझ्या घरात थारा नव्हता.

म्हणून त्या दिवशी मी आलो तेव्हा जे पाहिलं ते मला अजून उलगडत नाही. भावोजींचा फोन आला तेव्हा दुपार कलत होती. मी पोचलो तोवर तुला आत घेतलं होतं, पण सिंहासन सोप्यावर तसंच होतं. सगळं निळं, आणि उजव्या हाताचा सिंह सोनेरी. ओला. जमिनीवर ब्रश पडलेला, त्याच्याखाली सोन्याचा एक ठिपका. भावोजी मला तेवढंच सांगू शकले की त्यांनी चहा आणला, तू घेतला नाहीस, म्हणून त्यांनी वाकून पाहिलं. "बसूनच होती," ते म्हणाले. पुन्हा पुन्हा तेच म्हणाले.

सिंहाच्या नाकावर, ओल्या सोनेरी रंगात, तुझा अंगठा उमटला होता. कसंतरी वाटलं असेल तेव्हा तू त्याला घट्ट धरलं असशील. आता तो रंग वाळलाय. अंगठा राहिलाय.

झाकण उचललं तर खाली, बालदीच्या जागी, तुझा संसार. ब्रश, फडकी, आणि सोनेरी रंगाचा नवा डबा. पाटाच्या किनारीला लागतो तो चिमुकला नव्हे. मोठा. चवथीला अजून किती अवकाश होता. कुणासाठी आणला होतास, बाय? मला सिंहासन परत द्यायचं होतं की नुसतं चिडवायचं होतं, दोन्ही सिंह सोनेरी करून म्हणणार होतीस, बघ, झालं सोनेरी, आता कशाला मागतोस?

बाराव्याच्या आधी भावोजींची आते बसली मधल्या खोलीत, आणि फैसला सुनावला. सुमतीआते, घरातलं सगळ्यात मोठं माणूस. "जिथं जीव गेला ती वस्तू उंबऱ्याच्या आत ठेवू नये. ती खुर्ची बाहेर काढा. बाराव्याच्या आत."

आता मला हसू आवरेना, आणि ते तू नसल्यामुळे मला एकट्यालाच आवरावं लागलं. कारण आते ज्यावर बसून हे बोलत होत्या ते बाक म्हणजे तुझ्या सासूची खाट. त्याच खाटेवर सासू गेली. तेव्हाही आतेंनी असंच फर्मान काढलं होतं, आणि तू खाट मुकाट्यानं बाहेर खोपीत नेलीस, पाय कापलेस, हिरवा रंग दिलास, आणि महिन्यानं ती बाक होऊन घरात आली. मला म्हणाली होतीस, "रंग लायलो की वस्तू नवी. शास्त्रात बसता." आते त्यावर बसून सोलकढी प्यायल्या होत्या.

पण आता तो युक्तिवाद करायला तू नव्हतीस. भावोजींनी उठून मधल्या खोलीचं ते खोटं जनेल उघडलं आणि हिरव्या डोंगराकडे बघत उभे राहिले. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. बाबल्या, वस्तू तुझी, तू ने.

इतकी वर्षं मागत होतो. मिळालं. पिकअपमध्ये दोरीनं बांधलं तेव्हा निळा सिंह एका बाजूला, सोनेरी एका बाजूला, आणि सुर्ल्यापासून पार्श्यापर्यंत माझ्या पाठीला तुझी नजर.

मग ते करकरणं सुरू झालं, आणि वास, आणि भावोजींचे फोन.

आयुष्यात त्यांनी मला स्वतःहून फोन केला नव्हता. आता रोज. काहीतरी निमित्त काढून. पार्श्यात पाऊस पडला का, पोदेर पावाचे उंडे वेळेवर आणतो का, मंगलची कंबर कशी आहे. आणि ठेवता ठेवता, "ती कदेल... सावलीत आहे न्हय?" खुर्चीला त्यांनी खुर्ची कधी म्हटलं नाही, सिंहासन तर नाहीच. आपल्या जुन्या माणसांसारखं कदेल. मी म्हणायचो, सावलीत आहे. "बरें," म्हणून ठेवायचे.

मासिक श्राद्धाची जमवाजमव करायला गेलो तेव्हा पाहिलं. ते सोप्यावर बसत नव्हते. सोप्याच्या खालच्या पायरीवर बसून जेवत होते. सिंहासन होतं ती जागा मोकळी, जमिनीवरचा सोनेरी ठिपका तसाच, आणि माणूस त्या ठिपक्याला वळसा घालून घरात जात होता. आते म्हणाल्या, "वेड लागलं पोराला, आत बस म्हटलं तर बसत नाही." पोर साठीच्या पुढचं.

घरी येताना सगळ्या वाटेत मी तुझ्याशीच भांडत आलो. वस्तू परत न्यायची तर तुझंच शास्त्र, नवा रंग. नवा रंग कुठला? तुझी आठवण म्हणून निळाच द्यायचा, तर सोनेरी सिंह झाकला जातो आणि त्याच्याबरोबर तुझा अंगठाही. अंगठा ठेवायचा तर बाकी सगळं सोनेरी करायचं, म्हणजे इतक्या वर्षांचं भांडण मी जिंकलो. तुला जिंकवायचं तर तुलाच पुसायचं, आणि तुला ठेवायचं तर तुला हरवायचं. असा डाव मांडून कुणी जातं का, बाय? मी नाटकात असला पेच पाहिला असता तर लेखकाला म्हटलं असतं, जरा कमी कर.

दोन दिवस डबा उघडला नाही. दुपारी सोप्यावर ते करकरलं की मी आत जायचो.

तिसऱ्या दिवशी भावोजी स्कूटरवरून आले. न कळवता. सुर्ल्याहून पार्श्याला, भर उन्हात. हातात प्लॅस्टिकची पिशवी. मंगलनं पाणी दिलं, ते प्यायले, आणि सिंहासनासमोर उभे राहिले. मी त्यांना माझा सगळा पेच सांगितला, हातवारे करून, दोन्ही बाजूंची भाषणं म्हणून. ते ऐकत होते की नव्हते, कळलं नाही. पिशवीतून पॉलीश पेपर काढला आणि मांडी घालून खाली बसले. पायांपासून सुरुवात केली. मोर घासला, पाठ घासली, डावा सिंह घासला. निळी पूड त्यांच्या गुडघ्यांवर, भुवयांवर. उजव्या हाताशी आले आणि थांबले.

"सिंह?" मी विचारलं.

"तो रावूं दी."

एवढंच. आणि त्यांनी तुझ्या अंगठ्याच्या बाजूनं, त्याला न लागता, हळूहळू घासून निळं संपवलं. मग मी तुझा डबा उघडला, तुझाच ब्रश घेतला. बाय, रंग लावताना मी रडलो असं लिहिलं तर तू म्हणशील, बाबल्या, आटप. म्हणून लिहीत नाही. एवढंच सांगतो की त्या दुपारी खुर्ची करकरली नाही, आणि टर्पेंटाइनचा वास आला तो आमच्याच हातांचा होता. मला आधी बरं वाटलं. मग इतकं एकटं वाटलं की मी उगीचच म्हटलं, "आयला, रंग पातळ झालाय काय गो?" उत्तर आलं नाही. भुताची सवय लागल्यावर भूत जाणं वाईट.

श्राद्धाच्या सकाळी सिंहासन सुर्ल्याच्या सोप्यावर चढवलं. ठिपक्यावरच ठेवलं. आते बाहेर आल्या. मी राजाच्या आवाजात म्हटलं, "आते, ही नवी खुर्ची. म्हापशाहून."

आते जवळ आल्या. मोरावरून हात फिरवला. डावा सिंह पाहिला, उजवा पाहिला. उजव्याच्या नाकाशी त्यांचं बोट थांबलं, आणि मला वाटलं, संपलं.

"माझ्या वहिनीची खाट मी ओळखली नव्हती असं वाटलं तुम्हाला?" त्या म्हणाल्या. "हिरवा रंग दिला म्हणून? त्या खाटेच्या कडेला मी लहानपणी दात लावलेत, खूण अजून आहे त्या बाकाला."

नाटकात असं होतं. समोरचा नट आपलं वाक्य चोरतो.

"पण नवा रंग होता," आते म्हणाल्या. "नवा म्हणजे नवा. बायनं रीत मोडली नाही, पळवाट काढली. पळवाटेला माझी ना नाही." आणि पदर सावरून आत गेल्या, तुझ्या जंगलात चहा करायला.

दुपारी पानं उठली, माणसं पांगली. मी हात धुऊन बाहेर आलो तर भावोजी सिंहासनावर बसले होते. पहिल्यांदाच. एरवी ते तुझ्या जागी कधी बसले नाहीत. पाठ टेकलेली नव्हती, दुसऱ्याच्या घरी बसावं तसे कडेवर. पण उजवा हात सिंहावर होता आणि अंगठा त्याच्या नाकावर, जिथं बसायला हवा तिथं. मागे दार उघडं होतं, त्यातून मधल्या खोलीतलं जनेल दिसत होतं, उघडं, आणि त्यातला तो नसलेला डोंगर. त्यांचे डोळे मिटलेले. मला पाऊल वाजवायची भीती वाटली. घरातली प्रत्येक वस्तू तुझ्या हातची, आणि सगळ्या एकाच वेळी कान देऊन बसल्यासारख्या.

पण मी मी आहे, बाय. शांतता मला सोसत नाही, हे तुझंच निदान. मी दारातच उभा राहिलो आणि तुझ्या-माझ्या जुन्या सुरात म्हटलं, "माझं सिंहासन. यंदा जत्रेला लागेल हां."

भावोजींनी डोळे उघडले नाहीत. सबंध आयुष्यात ज्यांनी एक विनोद केला नाही, ते भावोजी. अंगठा नाकावरून हलला नाही. ओठ तेवढे हलले.

"घेवन वच," ते म्हणाले. "पयली माका उठय."